मणक्यापुरतं

सर, तुमचा जुना सर्व्हर गेल्या आठवड्यात भंगारात गेला. टेम्पोत चढवायला दोन माणसं लागली आणि मी पायरीवर उभी राहून बघत होते. त्या यंत्रासमोर बसून तुम्ही मला हे सगळं काम शिकवलंत, तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. गेलेल्या माणसावर रागवू नये असं आमच्या घरी म्हणतात. तुमच्या दहाव्याला मी काष्टीला आले होते आणि तुमच्या बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले होते. ते रडणं मला परत घ्यायचं आहे.

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते, नगरला मामाकडे राहून या सीटी स्कॅनच्या सेंटरवर शिकायला यायचे. कॉलेजात शरीराच्या तीन कापांची इंग्रजी नावं आमच्याकडून घोकून घेतली होती, आणि ती मी पहिल्याच दिवशी तुम्हाला म्हणून दाखवली. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून विचारलंत, "बैल घेतलाय का कधी?" मी म्हटलं, नाही. "बापानं तरी?" मी म्हटलं, नानांकडे बैल नाहीत, ते साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतात. "मंग ऐक. काष्टीच्या बाजारात बैल घेनारा गडी आदी पुढनं बघतो, छाती किती, पाय फाकतोय का. मंग बाजूनं बघतो, पाठ सरळ हाय का. मंग पाठीवर हात टाकून वरनं बघतो. तिन्हीकडनं बघितल्याबिगर इसार देत न्हाई. हितं तुला मानूस तसा बघायचा. एकाच खिडकीत बघून बोललीस की फसलीस." मग तुम्ही पडद्यावर तीन खिडक्या उघडल्यात. एकीत माणूस आडवा कापलेला, एकीत समोरून उभा, एकीत बाजूने उभा. तिन्हींत एक बारीक फुली. एका खिडकीत फुली सरकवली की उरलेल्या दोन्ही आपोआप त्याच जागी येऊन थांबतात. पहिल्या खिडकीत जो नुसता ठिपका दिसतो तो दुसरीत नळी निघतो, तिसरीत गाठ. तो दिवस मी अजून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना सांगते. बैलासकट सांगते. त्या हसतात, पण विसरत नाहीत.

तुमचा दुसरा नियमही मी बरीच वर्षं सांगत आले. डॉक्टरांनी चिठ्ठीवर मणका लिहिला असेल तर मणकाच द्यायचा. स्कॅन होतो तेव्हा यंत्र अख्खं पोट बघतं, पण आपण चौकट आवळायची आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंचं सगळं बाहेर ठेवायचं. चित्र मोठं येतं, स्वच्छ येतं, डॉक्टर खूश होतात. "विचारलं तेवडंच दावायचं. बाकीची गर्दी." त्रिमितीय चित्र करायचं तर बरगड्या, कमरेचं हाड, खालचा टेबल हे सगळं सॉफ्टवेअरमधल्या कात्रीने भोवतीने रेघ ओढून उडवायचं, की मग काळ्या पडद्यावर नुसता पाठीचा कणा उभा राहतो. हे कापणं ही तुमची खासियत होती म्हणे. मी आले तोवर तुमचा उजवा हात थरथरायला लागला होता. माउस धरला की रेघ मणक्यातच शिरायची. तुम्ही त्याबद्दल कधी बोलला नाहीत, फक्त खुर्ची सोडायचात आणि म्हणायचात, "तू कर, मी चहा घिऊन येतो." सहा महिन्यांत सेंटरचं सगळं कापणं माझ्याकडे आलं. सेंटरच्या डॉक्टरांना ते ठाऊक नव्हतं. मीही कुणाला सांगितलं नाही. त्याचा मला अभिमान होता.

आणि करदोटा. आपल्याकडे पुरुष माणूस कमरेचा करदोटा काढत नाही, तो मेल्यावर दुसऱ्याने तोडायचा असतो. त्या दोऱ्यात कुणाचा ताईत, कुणाचं तांब्याचं नाणं, कुणाची पेटीची किल्ली. धातू स्कॅनमध्ये आला की पांढरी चांदणी फुटते आणि आजूबाजूचं सगळं खराब होतं. मोठ्या शहरातून आलेले लोक पेशंटशी वाद घालतात, "काढा म्हणजे काढा." तुम्ही घातला नाहीत. "राहू द्या दादा, जीव हाय तवर राहू द्या," म्हणून तुम्ही दोऱ्यावरची वस्तू हळूच पुढे ओढून दोऱ्यासकट मांडीपर्यंत सरकवायचात, स्कॅनच्या बाहेर. मला ते फार आवडायचं. माणसाची लाज राखणारा माणूस, असं मी तुमच्याबद्दल मामीला सांगितलं होतं.

आता ज्या दिवसासाठी हे लिहायला बसले तो दिवस. शुक्रवार होता, कारण आदल्या दिवशी माझी गुरुवारची सुट्टी होती. तुम्ही संगणकावर एक केस उघडून ठेवली होती. नावाच्या जागी 'नमुना' लिहिलेलं. मी विचारलं तर म्हणालात, "शिकवायची केस हाय. मनका काड. चांगला काड, भिंतीवर लावायचाय." त्या दिवशी तुम्ही मला तीन खिडक्या दिल्या नाहीत, सर. एकच दिलीत, हाडांच्या त्रिमितीय चित्राची. त्यात मऊ भाग दिसत नाही, नुसता सांगाडा दिसतो. कमरेपाशी एक पांढरी चांदणी फुटली होती, कुणाच्यातरी करदोट्यातला धातू. मी म्हटलं, सर, हा सरकवायचा राहिलाय. तुम्ही म्हणालात, "कचरा हाय. काप." मी कापला. चांदणीखेरीज मला त्यात काही दिसलं नाही. तासाभराने कणा एकटा उभा राहिला, एकेक मणका धुतलेल्या भांड्यासारखा. तुम्ही माझ्या खुर्चीमागे बराच वेळ उभे होता. मग म्हणालात, "माज्याबी हातून असा आला नसता." वर्षभरात तुम्ही मला असं काही म्हणाला नव्हता. आठवड्यात त्याची फ्रेम झाली आणि ती प्रतीक्षागृहात घड्याळाखाली लागली. सोळा वर्षं ती तिथे आहे. लोक तिच्याकडे बोट दाखवून आपलं दुखणं सांगतात, हितं हितं, खालून तिसऱ्याला.

पुढच्या वर्षी पाऊस ओसरताना नानांच्या लघवीतून रक्त जायला लागलं. मी त्यांना पुण्याला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा कागद बघून विचारलं, "याआधी कधी स्कॅन केलाय का पोटाचा, पाठीचा?" मी फाडकन उत्तर दिलं, "नाही. मी सीटीवरच काम करते, केला असता तर मला माहीत असतं." नाना माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिची घडी सारखी करत राहिले. मला वाटलं, घाबरलेत. उजव्या किडनीतली गाठ तोवर शिरेत उतरली होती आणि फुप्फुसात गेली होती. संक्रांत त्यांनी पाहिली नाही. काकांनी करदोटा तोडला आणि त्यातली पितळी किल्ली माझ्या हातात दिली. नानांच्या पत्र्याच्या पेटीची किल्ली. तिचं मूळचं भोक झिजून तुटायला आलं म्हणून नानांनी शेजारी खिळ्याने दुसरं भोक पाडलं होतं. दोन भोकांची किल्ली जिल्ह्यात दुसरी नसेल.

गेल्या महिन्यात नवं सॉफ्टवेअर आलं. जुन्या सर्व्हरवरच्या शिकवायच्या केसेस त्यात हलवायचं काम माझ्याकडे होतं. 'नमुना' ओढून टाकला. नवं सॉफ्टवेअर कुणाला विचारत नाही, आपण होऊन तिन्ही खिडक्या उघडतं आणि चौथीत त्रिमितीय चित्र. आवळलेल्या मणक्याच्या शेजारी एक रुंद मालिका होती, अख्ख्या पोटाच्या कापांची, तिला मी कधी हात लावला नव्हता. समोरच्या खिडकीत उजव्या किडनीच्या खालच्या टोकाला एक गोल फुगवटा होता आणि त्याच्या आरपार एक पिवळी रेघ. मोजमापाची रेघ. दोन्ही टोकं गाठीच्या कडेवर येतील अशी तीनदा ओढून बघितलेली, कारण शेजारी आणखी दोन वाकड्या रेघा होत्या, थरथरत्या हाताच्या. बेचाळीस मिलिमीटर. गाठ किडनीच्या आतच होती. अशी गाठ काढून टाकलेली माणसं आमच्याकडे दरवर्षी तपासणीला येतात, शेजारच्या टपरीवर चहा पितात आणि घरी जातात. चौथ्या खिडकीत कंबर होती, आणि कमरेपाशी, नव्या सॉफ्टवेअरने चांदणी पुसून स्वच्छ केलेली, दोन भोकांची किल्ली.

मी स्वयंपाकघरात गेले. सेंटरच्या मागची ती खोली, तिला आपण स्वयंपाकघरच म्हणायचो. सेंटरचं चहापाणी बघणाऱ्या मावशी गॅसवर दूध ठेवत होत्या. तुमच्या वेळच्या त्या एकट्याच उरल्या आहेत. मी विचारलं, माझे नाना इथे आले होते का? त्यांनी दुधावरून नजर काढली नाही.

"आल्ते."

"कधी?"

"तुजी सुट्टी हुती त्या दिशी. मुद्दाम आल्ते. पाठ लई दुकती म्हनले, डाक्टरनी चिट्टी दिल्ती. सरास्नी म्हनले, पोरगी हितंच हाय, तिला कळू दिऊ नका, परीक्षा हाय तिची."

"आणि सरांनी सांगितलं का त्यांना? गाठीचं?"

"सांगितलं की. म्या कपबशी घिऊन हुबी हुते. सर म्हनले, पाठ र्‍हाऊ द्या, ही गाठ आदी दावा, पुन्याला जा. तुजा बा म्हनला, शिजन संपू द्या. काट्यावर मानूस न्हाई दुसरा."

"आणि मग?"

"मंग काय. सर म्हनले, शिजन संपल्यावर नक्की. तुजा बा म्हनला, व्हय." दूध वर आलं तेव्हा त्यांनी गॅस बंद केला. "मला म्हनले, मावशे, तुज्या तोंडातनं जाऊ द्यायचं न्हाई. न्हाई जाऊ दिलं. आता तूच इचारलंस."

मी म्हटलं, मावशी, सोळा वर्षं?

"आगं, मरून गेल्यावर सांगून काय करायचं हुतं? तुला भाकर ग्वाड लागली नसती."

तर असं आहे, सर. तुम्ही नानांना सांगितलंत. ते मी धरते, तेवढं तुमच्या बाजूला लिहिते. पण कागदावर काही ठेवलं नाहीत. रिपोर्ट लिहिणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरांना आवळलेला मणका पाठवलात, आणि त्यांनी मणक्याची झीज लिहून दिली. नानांच्या हातात जो कागद पडला त्यावर झीज होती. तोंडी सांगितलेली गाठ आणि छापून आलेली झीज, यातलं खरं काय ते कारखान्याच्या काट्यावरच्या माणसाला विचारा. तो आयुष्यभर छापील पावतीवर विश्वास ठेवत आला. सीझन एप्रिलात संपला. तुम्ही फोन केलात? मावशींना माहीत नाही. आणि मी तुमच्यापासून चार फुटांवर रोज बसत होते. परीक्षा डिसेंबरात झाली, पास झाले, पेढे आणले. तुम्ही पेढा खाल्लात. त्या दिवशी सांगितलं असतंत तर कुणाचा शब्द मोडला असता? नानांनी परीक्षेपुरताच मागितला होता.

आणि मुख्य राहिलं. मला का दिलात तो कापायला? मी याचा सगळीकडून विचार केला आहे, तुमच्याच पद्धतीने, पुढून, बाजूने, वरून. तुमचा हात चालत नव्हता, डॉक्टरांना मणका हवा होता, दुसरं कुणी नव्हतं. बरं. मग भिंतीवर का लावलात? मावशी म्हणतात, तू रोज बघशील आन् कधीतरी तुला उमजंल म्हणून लावला आसंल. असला अर्थ मी लावणार नाही. तुम्हाला तो सोपा जाईल. ज्याला सांगायचं असतं तो सांगतो, फ्रेम करत नाही. तुम्ही माझ्याकडून माझ्या बापाचं पोट कापून घेतलंत, जिथे दुखणं होतं ते सगळं, आणि उरलेल्या हाडांसाठी मला शाबासकी दिलीत. ती शाबासकी मी सोळा वर्षं वापरली. नोकरी मागताना सांगितली, मुलींना शिकवताना सांगितली. लोकांची लाज राखायचात तुम्ही. माझी कुठे राखलीत?

मला हेही कळतं की हा राग अर्धा नानांवर आहे. पुण्यात ते टोपीची घडी करत बसले आणि मला खोटं पडू दिलं. तिथेच सांगायचं होतं, "झालाय स्कॅन, हिच्याच हापिसात." पण त्यांच्यावर रागवायला बसले की मला काट्यावरची त्यांची खोली आठवते. मी लहान असताना मला ते रिकाम्या काट्यावर उभी करायचे आणि आकडा हलत नाही तेव्हा म्हणायचे, "आजून लई जेवायला पायजेल." राग टिकत नाही. तुमच्यावर टिकतो, म्हणून तुम्हाला लिहिते.

तुमचा नियम मी मोडला आहे, हे कळवते. आता मणका लिहिलेला असो नाहीतर मान, मी रुंद मालिका काढते आणि रिपोर्टला पाठवते. पुण्याचे नवे डॉक्टर परवा फोनवर वैतागले. "मॅडम, मी मणका मागवतो आणि तुम्ही गावजेवण पाठवता." मी म्हटलं, जेवा. दोन आठवड्यांपूर्वी तिसगावच्या एका ऊसतोडणीच्या बाईंच्या पाठीच्या स्कॅनमध्ये किडनीवर काहीतरी निघालं. त्यांचा मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आईला सांगू नका, आमी टोळीसंगं कारखान्यावर निघालोय, येऊन बघू." मी त्याच्यासमोर आईला आत बोलावलं आणि तिन्ही खिडक्यांत बोट ठेवून दाखवलं. मुलगा माझ्याकडे बघेना. बाईंनी विचारलं, "हे आत्ता काडलं तर निघंल?" मी म्हटलं, ते डॉक्टर सांगतील, पण आत्ताच विचारा, कारखाना नंतर. रिपोर्टच्या कागदावर ते छापून येईपर्यंत मी त्यांना बाहेर बाकावर बसवून ठेवलं. तुमच्या त्या फ्रेमखाली.

फ्रेम काल काढली. खिळा राहिला आहे. सकाळपासून तीन जणांनी विचारलं, ते हाड कुठं गेलं. मावशी म्हणाल्या, "लाव गं परत, लोकान्ला बोलायला सोपं जातं." ती माझ्या टेबलाखाली भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. हे पत्रही तिथेच, फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यात सरकवेन. तुमच्या घरी काष्टीला पाठवण्यात अर्थ नाही, वहिनी ते वाचतील आणि त्यांनी मला काही केलेलं नाही.

एक दुरुस्ती करायची राहिली. वर मी लिहिलंय की त्या शुक्रवारी मला चांदणीखेरीज काही दिसलं नाही. ते तसं नाही. कात्री चालवण्याआधी मी चित्र एकदा फिरवलं होतं, तुम्ही शिकवलं होतं तसं, बाजूने. एका कोनात चांदणी मिटली आणि तिच्यात दोन भोकं दिसली. हात थांबला. तुम्ही मागे उभे होता. पहिल्यांदाच माझं काम असं बघत उभे होता, आणि मी कापून टाकलं. संध्याकाळी मामाच्या घरून मी नानांना फोन लावला आणि विचारलं, "नाना, पेटीची किल्ली आहे ना कमरेला?" "का गं?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "हाय की. कुठं जाती?"

मी बरं म्हटलं.